ओपनएसएसएलचा फोर्क सांभाळायचा तर

ओपनएसएसएल, म्हणजे इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारी सी लायब्ररी, स्वतःच एक फोर्क आहे: दुसऱ्या प्रकल्पाचा कोड घेऊन स्वतंत्रपणे चालवलेला प्रकल्प. एरिक यंग आणि टिम हडसन यांच्या एसएसएलईएवाय या लायब्ररीतून ती डिसेंबर १९९८मध्ये वेगळी झाली. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा मेमरी गळवणारा दोष उघडकीला आला आणि त्याच महिन्यात ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मंडळींनी लिब्रेएसएसएल वेगळी काढली. जूनमध्ये गूगलची बोरिंगएसएसएल जाहीर झाली, आणि पुढे तिच्यातून ॲमेझॉनची एडब्ल्यूएस-एलसी निघाली. या सगळ्यांच्या पाठीशी मोठ्या, अनुभवी टीम आहेत. हा लेख मात्र अशा दोन-तीन जणांसाठी आहे, ज्यांच्या गळ्यात ऑफिसातला किंवा एखाद्या प्रकल्पातला ओपनएसएसएलचा फोर्क पडला आहे. सी आणि गिट नीट येतं, क्रिप्टोग्राफी वापरण्यापुरती माहीत आहे, एवढं इथे गृहीत धरलं आहे.

आधी फोर्क लागतोच का ते पाहा

आपला अल्गोरिदम घालायचा आहे, हार्डवेअरमधली किल्ली वापरायची आहे, किंवा जुनाट सायफर बंद करायचे आहेत, अशा कारणांसाठी आता फोर्क लागत नाही. आवृत्ती ३.० सप्टेंबर २०२१मध्ये आली तेव्हापासून ‘प्रोव्हायडर’ची सोय आहे. तुमचा कोड वेगळ्या मॉड्यूलमध्ये राहतो, मूळ लायब्ररी तो चालताना उचलते आणि तिच्या एकाही ओळीला हात लागत नाही. बिल्डच्या वेळी ‘नो-’ लावून भाग वगळता येतात, आणि कॉन्फिगरेशन फाइलमधूनही बरंच काही बंद करता येतं.

तरीही फोर्क लागण्याची तीन खरी कारणं उरतात: मूळ प्रकल्प जो एपीआय देत नाही तो हवा असणं, ज्या शाखेचा सांभाळ मूळ प्रकल्पाने थांबवला तिच्यावरच अडकून पडलेलं असणं, आणि जागा किंवा वेग यांसाठी अंतर्भागच बदलावा लागणं. पहिल्याचं उदाहरण क्विकटीएलएस. क्विक या यूडीपीवर चालणाऱ्या प्रोटोकॉलसाठीचा एपीआय ओपनएसएसएलमध्ये नव्हता, म्हणून अकामाय आणि मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी तो फोर्क काढला. एप्रिल २०२५मध्ये आलेल्या ३.५ने बाहेरच्या क्विक स्टॅकना आधार दिला आणि अनेकांसाठी त्या फोर्कची गरजच उरली नाही. म्हणून रीडमीच्या पहिल्याच परिच्छेदात दोन वाक्यं लिहून ठेवा: हा फोर्क का आहे, आणि काय झालं की तो बंद करायचा. दर सहा महिन्यांनी ती वाचा. दुसरं वाक्य लिहिता येत नसेल तर फोर्क काढण्याआधी आणखी विचार करा.

दुसऱ्या कारणाबद्दल सावध करायला हवं. १.१.१ या शाखेचा सार्वजनिक सांभाळ ११ सप्टेंबर २०२३ला संपला. त्यानंतरचे सुरक्षेचे पॅच पैसे मोजणाऱ्या ग्राहकांनाच मिळतात. ३.०चा सांभाळ ७ सप्टेंबर २०२६पर्यंत आहे, ३.५चा एप्रिल २०३०पर्यंत. १.१.१चा फोर्क चालवायचा म्हणजे पुढचं प्रत्येक बॅकपोर्ट, म्हणजे नव्या आवृत्तीतली दुरुस्ती जुन्या शाखेवर आणणं, तुमच्या माथी, आणि त्याची तुलना करायला अधिकृत उत्तर नाही. ते काम काय असतं ते पुढे सविस्तर येईल.

पाया

फोर्कची सुरुवात कायम रिलीजच्या टॅगवरून करा, मुख्य शाखेवरून नको. टॅगवरची सही तपासा. झिप उतरवून ‘पहिली कमिट’ म्हणून टाकणं हा सगळ्यात महागात पडणारा आळस आहे. इतिहास तुटला की कोणती चूक कुठल्या कमिटने आली आणि ती आपल्यात आहे की नाही, हे गिट सांगू शकत नाही. असा तुटका फोर्क हाती आलाच, तर नवं काही करण्याआधी मूळ रेपो जोडा, सगळ्यात जवळचा टॅग शोधा आणि आपले फरक त्यावर एकेका कमिटमध्ये पुन्हा रचा. यात आठवडा गेला तरी तो वाया जात नाही.

रचना साधी ठेवा. एक शाखा मूळ प्रकल्पाची हुबेहूब नक्कल, तिच्यावर स्वतःची कमिट कधीही नाही. दुसरी शाखा म्हणजे तोच टॅग आणि त्यावर रचलेले आपले पॅच. नवी आवृत्ती आली की ‘गिट रीबेस’चा ‘ऑन्टो’ पर्याय वापरून पॅच नव्या टॅगवर न्या आणि लगेच ‘गिट रेंज-डिफ’ने जुनी मालिका आणि नवी मालिका शेजारी ठेवून वाचा. संघर्ष सोडवताना एखादी ओळ गुपचूप गळते, ती इथेच दिसते. साध्या डिफमध्ये हजारो ओळींच्या गर्दीत दिसत नाही. गिटची ‘रीरीरी’ ही सोडवणूक लक्षात ठेवणारी सोय सुरू ठेवलीत तर तोच संघर्ष दरवेळी नव्याने सोडवावा लागत नाही. मात्र ती चुकीची सोडवणूकही तितक्याच इमानाने लक्षात ठेवते, म्हणून रेंज-डिफ टाळू नका.

प्रत्येक पॅचच्या संदेशात चार गोष्टी हव्यात: काय बदललं, का बदललं, मूळ प्रकल्पाकडे पाठवला का आणि तिथे काय झालं, आणि हा पॅच कोणाच्या जबाबदारीचा. डेबियनमध्ये पॅचच्या डोक्यावर अशी माहिती लिहायचा ठरलेला नमुना आहे, तोच उचला. मूळ प्रकल्प स्वीकारेल असा पॅच स्वतःकडे साठवून ठेवू नका. पाठवलेला आणि स्वीकारलेला पॅच म्हणजे पुढच्या रीबेसचा एक संघर्ष कमी. आपल्याजवळ वीस पॅच असतील तर सांभाळता येतात. दोनशे झाले की रीबेस पुढे ढकलला जाऊ लागतो आणि मग वर्षभर होतच नाही.

गिटहबवर फोर्क केलात तर दोन गोष्टी आपोआप बंद असतात: इश्यू आणि ॲक्शन्सचे वर्कफ्लो. दोन्ही हाताने सुरू करावे लागतात. वेळापत्रकावर चालणारे वर्कफ्लो सार्वजनिक रेपोत ६० दिवस हालचाल नसेल तर थांबतात. शांत पडलेल्या फोर्कवर रात्रीच्या टेस्ट चालू आहेत असा समज असतो आणि प्रत्यक्षात त्या कधीच्या बंद पडलेल्या असतात. महिन्यातून एकदा तारीख बघा.

नाव, आकडा, सिम्बॉल आणि परवाना

लिब्रेएसएसएलने ‘ओपनएसएसएल_व्हर्जन_नंबर’ हा मॅक्रो २.०.० या किमतीवर कायमचा ठेवला. बाहेरचे प्रोग्राम ‘१.१.० किंवा त्यापुढे असेल तर नवा एपीआय वापर’ अशी अट घालत होते. २.० हा आकडा मोठा, म्हणून अट खरी ठरली. पण तो एपीआय लिब्रेएसएसएलमध्ये नव्हता आणि बिल्ड फुटू लागली. शेवटी शेकडो प्रकल्पांत ‘लिब्रेएसएसएल_व्हर्जन_नंबर नसेल तर’ अशा जोड-अटी शिरल्या. यातून घ्यायचं ते हे: मूळ मॅक्रोची किंमत तुमच्या एपीआयशी प्रामाणिक ठेवा, म्हणजे ३.५च्या एपीआयला ३.५च सांगा, आणि आपली ओळख वेगळ्या मॅक्रोने द्या. बोरिंगएसएसएल ‘ओपनएसएसएल_इज_बोरिंगएसएसएल’ असा मॅक्रो देते, तसा. रिलीजचं नाव देताना पाया आणि स्वतःचा क्रमांक दोन्ही दिसू देत: ‘३.५.१’पुढे अधिक चिन्ह, फोर्कचं छोटं नाव आणि २, असं काही. वाचणाऱ्याला कोणते सुरक्षा-पॅच आत आहेत याचा अंदाज तिथेच येतो.

पायथॉनच्या जगात पायक्रिप्टो २०१३नंतर ओस पडली आणि पायक्रिप्टोडोम हा तिचा फोर्क पुढे आला. जुनी आणि नवी दोन्ही पॅकेजं ‘क्रिप्टो’ या एकाच नावाखाली फाइली ठेवतात. एका मशीनवर दोन्ही बसवली की एकमेकांवर लिहितात आणि अगम्य चुका येतात. म्हणून त्या प्रकल्पाने दुसरं पॅकेजही दिलं, पायक्रिप्टोडोमेक्स, ज्यातली फोल्डर ‘क्रिप्टोडोम’ या नावाखाली आहेत. जुन्याच्या जागी बसणारं एक, शेजारी नांदणारं एक. सी लायब्ररीत हाच प्रश्न सिम्बॉलचा असतो. एका प्रोसेसमध्ये मूळ ओपनएसएसएल आणि तुमचा फोर्क दोन्ही आले, दोघांत एकाच नावाची फंक्शनं पण आतल्या स्ट्रक्चरची मापं वेगळी, की प्रोग्राम अशा जागी कोसळतो जिथे काहीच चुकलेलं नसतं. वेगळं एसओनेम (लोडर लायब्ररी ज्या नावाने शोधतो ते) द्या, शक्य असेल तिथे सगळ्या सिम्बॉलना उपसर्ग लावा, आणि प्रत्येक रिलीजआधी ‘एबीआयडिफ’ हे दोन बिल्डमधले सिम्बॉल आणि मापं ताडून पाहणारं साधन चालवा.

परवान्याचं थोडक्यात: ३.० आणि पुढच्या आवृत्त्या अपाची २.०खाली आहेत. बदललेल्या फाइलींवर बदल केल्याची ठळक नोंद हवी, मूळ कॉपीराइटच्या ओळी जशाच्या तशा ठेवायच्या, आणि ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही. १.१.१ जुन्या दुहेरी परवान्याखाली आहे. त्यात फोर्कच्या नावात परवानगीशिवाय ‘ओपनएसएसएल’ हा शब्द घालायलाच मनाई आहे. ३.xमधला कोड उचलून १.१.१च्या फोर्कमध्ये टाकलात तर त्या फाइलीपुरता अपाची परवाना सोबत येतो. तशी नोंद करा. आणि फोर्कला ‘फिप्स प्रमाणित’ (अमेरिकी सरकारच्या क्रिप्टो मानकानुसार तपासलेला) म्हणू नका. प्रमाणपत्र ठरावीक मॉड्यूलच्या ठरावीक आवृत्तीचं असतं. आतली एक ओळ बदलली की ते तुमचं राहत नाही.

टेस्टची चौकट

पहिला पॅच टाकण्याआधी, काहीही न बदललेल्या पायावर सगळ्या टेस्ट चालवा आणि निकाल जपून ठेवा. पुढे काही लाल झालं तर ते तुमच्यामुळे की आधीपासूनच, हे त्यावरून कळतं.

ओपनएसएसएलच्या टेस्टमध्ये साध्या मजकुराच्या फाइलींत ज्ञात उत्तरं असतात आणि ‘ईव्हीपी_टेस्ट’ ती वाचून ताडून बघतो. तिथे आपली भर घालणं सोपं आहे. चाचा२०-पॉली१३०५साठी आरएफसी ८४३९मधली उत्तरं, ईडी२५५१९साठी ८०३२मधली, एक्स२५५१९साठी ७७४८मधली घ्या. एक्स२५५१९ची एक चाचणी तर तोच हिशोब १, १,००० आणि १०,००,००० वेळा स्वतःवरच फिरवते. कॅरी क्वचितच चुकवणारा कोड पहिल्या दोन्हींत पास होऊन तिसऱ्यात पडू शकतो. यांच्या जोडीला वायचेप्रूफचा संच घ्या. गूगलने तो २०१६मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा भर मुद्दाम बिघडवलेल्या इनपुटवर आहे: वक्रावर नसलेले बिंदू, वाकडंतिकडं एन्कोडिंग, शून्य असलेली सही. त्यात प्रत्येक चाचणीवर ‘वैध’, ‘अवैध’ किंवा ‘चालण्याजोगं’ असा शेरा असतो. तिसऱ्या गटात तुमची लायब्ररी काय करते ते लिहून ठेवा. रीबेसनंतर ते उत्तर बदललं तर कोणीतरी पाहायला हवं.

नवख्याची फसगत होते ती असेंब्लीपाशी. एकाच अल्गोरिदमचे पाच-सहा अवतार लायब्ररीत असतात आणि प्रोसेसर बघून चालताना एक निवडला जातो. तुमच्या लॅपटॉपवर फक्त सगळ्यात नवा अवतार तपासला जातो. म्हणून टेस्ट किमान तीनदा चालवा: नेहमीसारखी, ‘नो-एएसएम’ बिल्ड करून, आणि ‘ओपनएसएसएल_आयए३२कॅप’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरून एईएस-एनआय, एव्हीएक्स२ वगैरे प्रोसेसरच्या खास सूचना एकेक झाकून. क्यूईएमयू या एम्युलेटरवर ३२-बिट एआरएम आणि एस३९०एक्स (आयबीएमचे मेनफ्रेम) यांवरही चालवा. एस३९०एक्सची बाइटची मांडणी उलटी असल्याने तिथे लपलेल्या चुका बाहेर पडतात. असेंब्लीच्या फाइली पर्लच्या स्क्रिप्टमधून तयार होतात, तेव्हा तयार झालेल्या फाइलीत दुरुस्ती करू नका, पुढच्या बिल्डमध्ये ती पुसली जाते. याच स्क्रिप्ट आधी असेंबलरची आवृत्ती विचारतात आणि तो जुना असेल तर नवे अवतार न बोलता गाळतात. जुन्या कंटेनरमध्ये बिल्ड केल्यावर वेग अचानक का घसरला याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

सॅनिटायझरसह (चालताना मेमरीच्या चुका पकडणारी) वेगळी बिल्ड आणि फझिंग, म्हणजे वेड्यावाकड्या इनपुटचा मारा, हे रात्रीच्या वेळापत्रकात टाका. मूळ प्रकल्पातले फझर तयार आहेत. फक्त तुमच्या पॅचने बदललेल्या पार्सरवर ते खरोखर पोचतात का, हे कव्हरेज काढून पाहा.

सुरक्षेचे पॅच: आठवड्याचं काम

आठवड्यातला एक ठरावीक दिवस आणि एक ठरावीक माणूस असू द्या. त्याने फक्त सीव्हीईची (जाहीर त्रुटींना मिळणाऱ्या क्रमांकांची) यादी बघून भागत नाही. ओपनएसएसएलच्या धोरणानुसार कमी गंभीर त्रुटी थेट सार्वजनिक गिटमध्ये दुरुस्त होतात आणि पुढच्या रिलीजपर्यंत थांबतात. एकाच मशीनवर बसून वेळ मोजणारे हल्ले त्यांच्या धोक्याच्या व्याख्येबाहेर आहेत, म्हणून अशा दुरुस्त्या साध्या बगसारख्या, सीव्हीईशिवाय येऊ शकतात. तुमच्या वापरकर्त्यांचं सर्व्हर दुसऱ्यांसोबत एकाच यंत्रावर चालत असेल तर त्या तुमच्यासाठी साध्या नाहीत. मूळ स्थिर शाखेच्या सगळ्या कमिट वाचायच्या; शीर्षकं चाळायला अर्धा तास पुरतो.

वारसा कसा येतो ते एका चुकीवरून बघू. मार्च २०२२मध्ये सीव्हीई-२०२२-०७७८ जाहीर झाली, ‘बीएन_मॉड_एसक्यूआरटी’ या वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनमधली. ओपनएसएसएलबरोबर लिब्रेएसएसएल आणि बोरिंगएसएसएल यांनाही ती लागू होती, फुटून आठ वर्षं झाली तरी; कारण हे गणित कोणीच बदललेलं नव्हतं. आतल्या लूपमध्ये ‘आय’ १पासून सुरू व्हायचा, प्रत्येक फेरीत आधी एकने वाढायचा आणि मग तो ‘ई’ एवढा झाला का हे पाहिलं जायचं. मोड्युलस म्हणून मूळ (प्राइम) संख्या दिली तर सगळं ठीक. पण मोड्युलस मूळ संख्या नसेल तर ‘ई’ची किंमत १ होऊ शकते. ‘आय’ पहिल्याच फेरीत २ होतो, बरोबरीची वेळ निघून गेलेली असते, आणि लूप कधीच थांबत नाही. हल्लेखोराला फक्त वक्राची माहिती हाताने भरलेलं एक प्रमाणपत्र पाठवायचं. ते वाचतानाच, सही तपासण्याआधी, सर्व्हर अडकतो. दुरुस्ती ‘आय जोवर ई पेक्षा लहान आहे तोवर’ अशी मर्यादा घालण्याची. बदल थोड्याच ओळींचा, पण तो आपल्याकडे लागू आहे हे ओळखणं महत्त्वाचं.

ओळखून बॅकपोर्ट करण्याचा क्रम असा ठेवा.

१. चूक आणणारी कमिट शोधा. ‘गिट लॉग’ला मोठा ‘एस’ हा पर्याय देऊन ती ओळ पहिल्यांदा कधी आली ते काढा. ती कमिट तुमच्या शाखेची पूर्वज आहे का हे ‘गिट मर्ज-बेस’च्या ‘इज-ॲन्सेस्टर’ने विचारा. नसेल तर ‘लागू नाही’ असं कारणासह नोंदवा. नोंद नसेल तर सहा महिन्यांनी तोच तपास पुन्हा करावा लागतो.

२. दुरुस्तीसोबत आलेली टेस्ट आधी आणा आणि ती तुमच्या कोडवर लाल होते हे डोळ्यांनी पाहा. लाल झालीच नाही तर एक तर चूक तुमच्याकडे नाही, नाही तर टेस्ट त्या जागी पोचतच नाही. दुसरी शक्यता जास्त असते.

३. मग ‘चेरी-पिक’ला ‘एक्स’ पर्याय जोडून दुरुस्ती आणा, म्हणजे मूळ कमिटचा हॅश संदेशात राहतो. ३.०मध्ये पुष्कळ कोड ‘प्रोव्हायडर्स’ या फोल्डरमध्ये हलला. १.१.१वर आणताना जुन्या ‘क्रिप्टो/ईव्हीपी’मधली जुळी जागा शोधावी लागते, आणि तोच नमुना दुसरीकडेही आहे का ते ग्रेप करून पाहावं लागतं.

४. टेस्ट हिरवी झाल्यावर सगळी चौकट पुन्हा चालवा, असेंब्लीच्या अवतारांसह.

चौथी पायरी घाईत गळते, म्हणून तिच्याबद्दल एक उदाहरण. २०१३मधल्या लकी थर्टीन या टीएलएसवरच्या, वेळ मोजणाऱ्या हल्ल्याची दुरुस्ती करताना एईएस-एनआयच्या वाटेवर पॅडिंग तपासण्यापुरते बाइट आहेत का, ही तपासणी सुटली. त्यातून नवा पॅडिंग ओरॅकल, म्हणजे सर्व्हरच्या उत्तरांवरून मजकूर उलगडू देणारी फट, तयार झाला आणि तो मे २०१६मध्ये सीव्हीई-२०१६-२१०७ म्हणून दुरुस्त झाला. तीन वर्षं दुरुस्तीच्याच पोटात भोक होतं.

स्वतः कोडला हात लावताना

१७ सप्टेंबर २००६ला डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये एक छोटा पॅच गेला. व्हॅल्ग्रिंड आणि प्युरिफाय ही साधनं ‘न भरलेली मेमरी वाचली जात आहे’ अशी तक्रार करत होती, म्हणून ‘एमडी_रँड’ या फाइलीतल्या ‘एमडी_अपडेट’च्या दोन ओळी निष्प्रभ केल्या गेल्या. दोन्ही दिसायला सारख्या. त्यातली एक खरोखर निरुपद्रवी होती. दुसरी मात्र बाहेरून येणारा सगळा रँडमपणा साठ्यात मिसळणारी होती. ती गेल्यावर बियाण्यात उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि लिनक्सवर त्याच्या नेहमीच्या ३२,७६८ शक्यता. एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्या मग एवढ्याच निघणार. १३ मे २००८ला हे जाहीर झालं. वीस महिने कोणतीही टेस्ट लाल झाली नव्हती, कारण रँडम आकडे दिसायला रँडमच होते. एवढंच नाही, बाहेर नीट बनवलेली डीएसए किल्ली अशा मशीनवर सही करायला वापरली असली तरी ती फुटली असं धरावं लागलं. या एका प्रसंगामुळे नियम करा: साधनाची तक्रार गप्प करण्यासाठी क्रिप्टो कोडमधली ओळ काढायची नाही. ती ओळ काय करते हे दोघांनी स्वतंत्रपणे लिहून दाखवल्याशिवाय नाही, आणि मूळ प्रकल्पाला नेमका डिफ दाखवल्याशिवाय तर नाहीच.

रँडमचा दुसरा सापळा फोर्क या सिस्टीम कॉलचा. प्रोसेस दुभंगल्यावर आई आणि लेकरू दोघांकडे जनरेटरची एकच स्थिती राहिली तर दोघं एकच ‘गुप्त’ आकडे देतात. जुलै २०१४मध्ये लिब्रेएसएसएलच्या लिनक्सवरच्या पहिल्या आवृत्त्यांत, प्रोसेस क्रमांक पुन्हा वापरात आला तर हेच होऊ शकतं असं दिसलं, आणि २.०.२मध्ये ते सुधारलं. ओपनबीएसडीवर तो प्रश्न नव्हता. कोड दुसऱ्या व्यासपीठावर नेताना उद्भवला. जमेल तिथे कर्नलकडूनच आकडे घ्या.

वेळेची गळती ही तिसरी गोष्ट. गुप्त माहितीवर ‘इफ’ नको, गुप्त माहितीने ॲरेची जागा ठरवायला नको, आणि भागाकारही नको. भागाकाराचं उदाहरण डिसेंबर २०२३मधलं, कायबरस्लॅश. कायबर या क्वांटम संगणकालाही टिकेल अशा किल्ली-अल्गोरिदमच्या संदर्भ कोडमध्ये ३३२९ने भागणारी साधी ओळ होती. स्थिरांकाने भागायचं असल्यामुळे कंपायलर सहसा गुणाकार वापरतो, पण आकार लहान ठेवायला सांगितलं की काही प्रोसेसरवर खरी भागाकाराची सूचना घालतो. तिला लागणारा वेळ भाज्य संख्येवर ठरतो आणि ती संख्या गुप्त किल्लीतून आलेली. दुरुस्तीत ८०६३५ने गुणून २८ बिट उजवीकडे सरकवतात. २चा २८वा घात भागिले ३३२९ म्हणजे सुमारे ८०६३५. हा संदर्भ कोड पुष्कळ लायब्ररींनी नकलून घेतला होता, आणि प्रत्येकीला ही ओळ स्वतःच शोधून काढावी लागली. तुमच्या फोर्कमध्ये बाहेरून नकललेला असा कोड असेल तर कुठून, कोणत्या कमिटवरून घेतला याची वेगळी यादी ठेवा.

शिवाय कंपायलर तुमच्या मागे लागलेला असतोच. २०२४मध्ये असं दिसलं की मास्क वापरून नीट लिहिलेल्या कायबरच्या एका फंक्शनमध्ये क्लँग स्वतःहून ब्रँच घालतो. बोरिंगएसएसएल अशा जागी रिकाम्या असेंब्लीचा अडसर ठेवते, म्हणजे कंपायलरला किमतीचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून तपास सोर्सवर थांबवू नका. गुप्त मेमरीला ‘न भरलेली’ अशी खूण करून व्हॅल्ग्रिंडखाली चालवा. गुप्त किमतीवर ब्रँच झाली की तो ओरडतो. डेबियनच्या प्रसंगात ज्या इशाऱ्याने घोळ झाला, तोच इशारा इथे कामाला येतो. भागाकार मात्र यात पकडला जात नाही, तो डिसअसेंब्लीत शोधावा लागतो. कंपायलरची आवृत्ती बदलली की हे सगळं पुन्हा.

तुलना ‘मेमसीएमपी’ने नाही, ‘क्रिप्टो_मेमसीएमपी’ने. पुसणं ‘मेमसेट’ने नाही, ‘ओपनएसएसएल_क्लीन्स’ने; नंतर न वाचलेल्या मेमरीवरचा मेमसेट कंपायलर काढून टाकतो.

त्रुटी कळवणाऱ्यांसाठी दार

रेपोत ‘सिक्युरिटी’ नावाची फाइल ठेवा: कुठे कळवायचं, किती दिवसांत पोच मिळेल, कोणत्या आवृत्त्या सांभाळल्या जातात. दिलेला पत्ता किमान दोघं वाचतात याची खात्री करा. त्रुटी आली की पहिला प्रश्न: ही आपल्या पॅचमधली की मूळ कोडमधली? मूळ कोडमधली असेल तर जाहीर न करता लगेच ओपनएसएसएलच्या सुरक्षा टीमला कळवा, नाही तर तुमची दुरुस्ती बाकी सगळ्यांवरच्या हल्ल्याची चावी ठरते. लिनक्स वितरकांच्या बंद यादीवर कळवलेली गोष्ट जास्तीत जास्त १४ दिवस गुप्त राहू शकते. तेवढ्यात तुमचा रिलीज तयार व्हायला हवा. आपल्या पॅचमधल्या त्रुटीला सीव्हीई क्रमांक गिटहबकडून मिळू शकतो, आणि भारतात तयार झालेल्या उत्पादनांसाठी सर्ट-इन ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था देते.

गुप्त दुरुस्तीवर काम कुठे करायचं हे जपा. गिटहबवर फोर्कच्या एका कुटुंबातल्या कमिट एकत्र साठतात. तुमच्या सार्वजनिक फोर्कवर ढकललेली आणि नंतर पुसलेली कमिट हॅश माहीत असेल तर मूळ रेपोच्या पत्त्यावरूनही उघडते. त्यासाठी सुरक्षा-सूचनेतला तात्पुरता खाजगी फोर्क वापरा. तिथे सीआय (आपोआप चालणारी बिल्ड आणि टेस्ट) चालत नाही, तेव्हा टेस्ट आपल्या मशीनवर.

रिलीज

सही केलेला टॅग आणि त्याच टॅगमधून यंत्राने तयार केलेला टारबॉल, यात माणसाने हाताने काही घालायचं नाही. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१मध्ये सापडलेलं मागचं दार सुरू करणारी एम४ ही बिल्डची फाइल फक्त टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. दोन वेगळ्या मशीनवर टारबॉल बनवून हॅश जुळवून पाहणं, एवढ्याने हा प्रकार दिसतो. टिपणात पायाची आवृत्ती, नवे पॅच, आणि त्या काळात आलेल्या प्रत्येक सीव्हीईबद्दल ‘दुरुस्त’, ‘लागू नाही, कारण…’ किंवा ‘बाकी’ अशी एक ओळ द्या. वापरकर्त्यांची स्कॅनर मंडळी आवृत्तीचा आकडा बघूनच धोका सांगतात. ही यादी नसेल तर तेच प्रश्न तुमच्याकडे रोज येत राहतील.

बंद करताना

पायक्रिप्टोचा शेवटचा रिलीज, २.६.१, ऑक्टोबर २०१३चा. नंतर सीव्हीई-२०१३-७४५९ हा बफर ओव्हरफ्लो समोर आला, पण दुरुस्त रिलीज कधी निघालाच नाही, आणि प्रकल्प संपल्याचं न कळलेले लोक ती बसवतच राहिले. म्हणून फोर्कचं कारण संपलं की तारीख जाहीर करा, किमान सहा महिने आधी. शेवटच्या रिलीजमध्ये बिल्डच्या वेळी दिसणारा इशारा घाला, मूळ लायब्ररीवर कसं जायचं ते फंक्शनवार लिहा, पॅकेजच्या पानावर ‘सांभाळ बंद’ अशी खूण करा आणि रेपो फक्त वाचण्यापुरता ठेवा. सुरक्षेचा पत्ता आणखी वर्षभर चालू राहू द्या. सही करायची किल्ली रद्द करताना ‘आता वापरात नाही’ हे कारण निवडा. ‘फुटली’ असं निवडलंत तर जुन्या रिलीजवरच्या तुमच्या सगळ्या सह्याही अविश्वसनीय ठरतात.